गांव कोणाचें?

एखादें गांव “सुधारलें”, “वर आलें” असें आपण सहज बोलून जातों. रस्ते रुंद झाले, दुकानें वाढलीं, जमिनीचे भाव चढले, म्हणजे गांव वर आलें असें म्हणण्यास आपणांस कोणताहि संकोच वाटत नाहीं. पण वर आलें तें नेमकें काय, असें कोणी विचारल्यास उत्तर देणें वाटतें तितकें सोपें नाहीं. भिंती वर आल्या, जमीन वर आली, कीं त्या भिंतींच्या आंत राहणारीं माणसें वर आलीं? आमचा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत कोलोरॅडो संस्थानांत नोकरीस आहे. मध्यंतरीं तो घरीं आला असतां तेथील ॲस्पेन नांवाच्या डोंगरी गांवाविषयीं बोलतां बोलतां म्हणाला, “सर, त्या गांवाची इतकी भरभराट झाली आहे, कीं तेथें काम करणाराला तेथें राहतां येत नाहीं.” त्यानें हें हंसत हंसत सांगितलें, पण तो गेल्यावर त्या वाक्यानें आमचा पिच्छा सोडला नाहीं. त्याचाच थोडा विचार येथें करूं.

ॲस्पेन हें रॉकी पर्वतांत, रोअरिंग फोर्क नदीच्या अरुंद खोऱ्यांत, सुमारें आठ हजार फूट उंचीवर वसलें आहे. पूर्वीं यूट लोक उन्हाळ्यांत तेथें शिकारीस येत. १८७९ सालीं रुप्याच्या शोधांत निघालेले लोक तेथें पोंचले, आणि दोनच वर्षांनीं सरकारनें बहुतेक यूट लोकांस त्या प्रदेशांतून घालवून दिलें. गांव कोणाचें, हा प्रश्न त्या जागीं अशा रीतीनें गांवाबरोबरच जन्मास आला. १८८७ सालीं आगगाडी आली. १८८९ सालीं मोठें हॉटेल व नाट्यगृह उभें राहिलें. १८९० च्या खानेसुमारींत वस्ती पांच हजारांवर गेली.

पुढें १८९३ सालीं जें घडलें त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. त्या वर्षाच्या जून महिन्यांत हिंदुस्थान सरकारनें मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळींत लोकांनीं आणलेल्या रुप्याचे रुपये पाडून देण्याचें बंद केलें. रुप्याचें एक मोठें गिऱ्हाईक असें एकाएकीं नाहींसें झालें; भाव कोसळला, आणि थोड्याच दिवसांत कोलोरॅडोंतील खाणी बंद पडूं लागल्या. वर्ष संपण्यापूर्वीं अमेरिकन सरकारनेंहि रुपें विकत घेण्याचा आपला कायदा रद्द केला. १८९४ सालीं ॲस्पेनच्या स्मगलर खाणींत अठराशें पौंडांहून अधिक वजनाचा रुप्याचा गोळा सांपडला; पण रुपें होतें तेथेंच होतें, त्याची किंमत मात्र निघून गेली होती. १९३० सालीं त्या गांवांत अवघीं ७०५ माणसें उरलीं. गुरें पाळावीं, बटाटे लावावे, आणि पडक्या खाणींकडे पाहत दिवस काढावे, असा त्यांचा क्रम होता.

या गांवाला पुन्हां जीव दिला तो बर्फानें. खाणवाल्यांच्या काळीं हिमवर्षाव म्हणजे संकट होतें; वाटा बंद होत, डोंगरावरून सुटलेल्या हिमाच्या लोटांखालीं माणसें गाडलीं जात. तोच बर्फ पुढें गांवाचें भांडवल झाला. पायांस लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येण्याचा स्की हा खेळ युरोपांत रूढ होताच. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या दहाव्या पर्वतीय डिव्हिजनचे सैनिक जवळच्याच कॅम्प हेल येथें त्याचें शिक्षण घेत होते. त्यांतील फ्रीडल फायफर नांवाचा मूळचा ऑस्ट्रियन गृहस्थ युद्धानंतर ॲस्पेनला परतला. शिकागोचे कारखानदार वॉल्टर पेपकी यांची त्यास जोड मिळाली. आणि १९४६ सालीं स्कीची कंपनी स्थापन झाली. त्याच हिंवाळ्यांत तारेवर टांगलेल्या खुर्च्यांची एक रांग माणसांस डोंगरावर पोंचवूं लागली. त्या वेळीं तिच्याइतकी लांब रांग जगांत दुसरी नव्हती.

येथें पेपकी यांच्याविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते केवळ पैशाच्या मागें लागलेले गृहस्थ नव्हते. शरीर, बुद्धि आणि आत्मा या तिहींस एकाच ठिकाणीं खाद्य मिळावें अशी त्यांची कल्पना होती. १९४९ सालीं त्यांनीं ॲस्पेन येथें गटे या जर्मन कवीच्या जन्माची द्विशताब्दी साजरी केली. ज्यानें आपल्या शाकुंतलावर लुब्ध होऊन त्याची स्तुति केली तोच हा कवि. अल्बर्ट श्वाइट्झर यांच्यासारखे थोर पुरुष त्या उत्सवास आले, आणि त्यांतूनच तेथील विचारपीठ व संगीतोत्सव निर्माण झाले. दुष्ट हेतूनें झालेल्या अनर्थाचा निवाडा करणें सोपें असतें. जेथें हेतु चांगला, श्रम प्रामाणिक, आणि फळ मात्र संमिश्र, तेथेंच नीतिशास्त्राची खरी परीक्षा होते.

प्रथम फायद्याची बाजू नीट पाहूं. ज्या गांवाची शाळा ओस पडावयाची तेथें आज शाळा, दवाखाना, ग्रंथालय, विमानतळ सर्व कांहीं आहे. २०२० च्या खानेसुमारींत वस्ती सुमारें सात हजार भरली, म्हणजे रुप्याच्या काळच्या शिरगणतीहून अधिक. स्की नसता तर काय झालें असतें याचें उत्तर डोंगरापलीकडील लेडव्हिल हें गांव देतें. तेथील क्लायमॅक्स ही प्रचंड खाण १९८० नंतरच्या मंदींत बंद पडली, तेव्हां गांवाचा कणाच मोडला, आणि तेथील कितीएक माणसें पुढें घाट ओलांडून दुसऱ्यांच्या स्कीच्या गांवीं चाकरीस जाऊं लागलीं. तेव्हां “हा खेळ आलाच नसता तर बरें झालें असतें” असें म्हणणारानें ॲस्पेनच्या त्या ७०५ माणसांच्या घरीं एक हिंवाळा काढून मग बोलावें. दारिद्र्याचें सौंदर्य दुरूनच दिसतें.

आतां दुसरी बाजू. स्कीच्या तिकिटाचा पैसा कंपनीस जातो. उतरण्याच्या व खाण्यापिण्याच्या खर्चावर हॉटेलें व दुकानें चालतात. येथवर पैसा गांवांत फिरतो आणि अनेकांच्या हातीं लागतो. पण पाहुण्यांपैकीं जो अतिश्रीमंत, त्यास पुढें वाटूं लागतें कीं येथें आपलें घर असावें. खोरें अरुंद, सपाट जमीन थोडी, सभोंवतालचे डोंगर बहुतांशीं सरकारी जंगलखात्याचे. त्यांतच, गांव कुरूप होऊं नये म्हणून १९७० नंतरच्या दशकांत नागरिकांनींच बांधकामावर कडक निर्बंध घातले. वाढतां न येणाऱ्या जमिनीवर वाढत्या संपत्तीचा भार पडला म्हणजे काय होतें, हें रिकार्डोनें फार पूर्वींच सांगून ठेवलें आहे. चांगल्या जागेवरील एका घराची किंमत तेथें एक कोटी डॉलरच्या वर जाणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. अशीं पुष्कळ घरें वर्षांतील कांहीं आठवडेच उघडीं असतात. एरव्हीं आंत दिवा नसतो. बाहेर मात्र बर्फ उपसणारा माणूस असतो.

तो माणूस राहतो कोठें? खोऱ्याच्या खालच्या अंगास. बॅसॉल्ट, कार्बनडेल, चाळीस मैलांवरील ग्लेनवुड स्प्रिंग्ज, आणि तेथेंहि न परवडल्यास त्याच्याहि पलीकडे. उजाडण्यापूर्वीं त्या एकाच रस्त्यानें मोटारींची व बसगाड्यांची रांग वर चढूं लागते, आणि संध्याकाळीं खालीं उतरते. त्यांत स्वयंपाकी आहेत, गवंडी आहेत, परिचारिका आहेत, शिक्षक आहेत. ज्या शाळेंत शिकवावें तिच्याजवळ आपल्या मुलाला वाढवितां येऊं नये, ही स्थिति त्यांच्या वांट्यास येते.

यावर एक उत्तर ठरलेलें आहे: कोणावर जुलूम कोठें झाला? ज्यानें घर विकलें त्यानें राजीखुषीनें विकलें व तो श्रीमंत झाला. जो कामास येतो तो अधिक मजुरीच्या आशेनें येतो. कोणाच्याहि मानेवर सुरी नाहीं. हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. प्रत्येक व्यवहार वेगळा पाहिला तर निर्दोष दिसतो. दोष त्या सर्वांच्या बेरजेंत आहे, आणि बेरजेवर सही करणारा कोणी नसतो. एक म्हातारा आपलें घर विकतो, यांत अन्याय नाहीं. पण गल्लींतील दहाहि घरें तशींच गेलीं म्हणजे अकराव्या घरांत राहणाऱ्या बाईस शेजार उरत नाहीं. आणि तिची संमति तर कोणीं विचारलेली नसते.

शिवाय, वाढलेली किंमत निर्माण कोणीं केली हाहि प्रश्न आहे. ॲस्पेनला पहिले रुपें शोधणारे आले त्याच १८७९ सालीं हेन्री जॉर्ज यांचा “प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी” हा ग्रंथ निघाला. प्रगतीबरोबर जमिनीची किंमत वाढते ती मालकाच्या श्रमानें नव्हे, तर सर्व समाजाच्या वावरानें, हें त्यांचें मुख्य म्हणणें. त्यांचे सर्व उपाय आम्हांस मान्य नाहींत. पण ॲस्पेनच्या बाबतींत त्यांचें निदान नाकारणें कठीण आहे. बर्फ आकाशांतून पडतो; उतारांपैकीं पुष्कळ जमीन सरकारची, म्हणजे सर्व प्रजेची; रस्ते कराच्या पैशाचे; आणि गांव राहण्याजोगें ठेवतात तीं पहांटेच्या बसमधून येणारीं माणसें. इतक्यांच्या देण्यानें जी किंमत फुगली ती एकट्या सातबारावाल्याची, असें न्यायबुद्धीस कसें पटावें?

सुदैवानें गांवासहि तें पुरतें पटलेलें नाहीं. १९८२ पासून तेथें कष्टकऱ्यांच्या घरांसाठीं एक सार्वजनिक मंडळ आहे, आणि त्याच्या व्यवस्थेंत सुमारें तीन हजार घरें आहेत. त्या जिल्ह्यांत काम करणारासच तीं मिळतात. मालकानें स्वतः तेथें राहिलें पाहिजे. आणि विकतांना ठराविक मर्यादेपलीकडे किंमत घेतां येत नाहीं. शहरांत घराची खरेदी झाली कीं किंमतीच्या प्रमाणांत एक कर द्यावा लागतो, व त्याचा मोठा भाग या घरांकडे जातो. म्हणजे श्रीमंताच्या खरेदींतूनच गरिबाचें छप्पर उभें राहतें. उपाय चांगला, पण त्यासहि काटे आहेत. जो आज काम करतो त्याला घर. मग तो म्हातारा होऊन काम सोडील तेव्हां त्यानें घर सोडावें काय? ठेवावें तर नव्या शिक्षकास जागा नाहीं. काढावें तर तीस वर्षें ज्यानें गांवचे रस्ते झाडले त्यास म्हातारपणीं हद्दपार केल्यासारखें होतें. आमच्या मतें येथें दुसरी चूक पहिलीहून मोठी ठरेल. माणसाला घर तो उपयोगी आहे म्हणून दिलें, तर तें घर नव्हे, अवजार ठेवण्याची खोली झाली.

हें सर्व लिहीत असतां आम्हांस आमचीच एक आठवण बोंचत होती. वीस वर्षें आम्ही उन्हाळ्यांत सहकुटुंब एकाच थंड हवेच्या गांवीं जात आहों. तेथील महागाईविषयीं आम्हीं दरसाल कुरकुर केली. पहांटे गरम पाण्याची बादली आणणारा मुलगा दर दोनतीन वर्षांनीं बदले. पण तो कोठें निजतो हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. गेल्या खेपेस प्रथमच विचारलें. “घाटाखालीं, साहेब. पहिल्या गाडीनं येतो,” असें म्हणून तो दुसऱ्या खोलीकडे वळला. हा प्रश्न सुचण्यासाठीं अमेरिकेंतील एका गांवाची हकीकत आमच्या कानीं यावी लागली, ही आम्हांस भूषणाची गोष्ट नव्हे. पाहुणा पैसे देतो म्हणून तो यजमानाच्या घरची विचारपूस करण्यांतून मोकळा होत नाहीं.

तेव्हां गांव वर आलें हें ओळखावयाचें कसें? आम्हांस एक साधी कसोटी सुचते. जो त्या गांवाची चाकरी करतो त्याला त्या गांवांत आजारी पडतां यावें, मुलांस शाळेंत धाडतां यावें, आणि म्हातारें होतां यावें. एवढें जेथें होतें तें गांव वर आलें. जेथें होत नाहीं तेथें जमीन वर आली, इतकेंच म्हणावें.

ही केवळ दयेची गोष्ट नाहीं. रुपें गेलें तें एका सरकारी हुकमानें. बर्फहि अढळ नाहीं. पृथ्वी तापत चालली आहे, हिंवाळा आंखडत आहे, आणि कृत्रिम बर्फ पाडणारीं यंत्रें आतांच उतारांवर उभीं आहेत. १८९३ नंतर संपत्ति निघून गेली तेव्हां मागें सातशें माणसें राहिलीं. त्यांच्यापाशीं जुनीं घरें पाडून नवीं बांधण्यास पैसा नव्हता, म्हणून तीं घरें तशींच टिकलीं. आज पाहुणे ज्यांची छायाचित्रें घेतात तीं हींच. गांव गांव म्हणून शिल्लक राहिलें तें त्या सातशें माणसांमुळें. त्यांस दुसरें कोठें जावयाचें नव्हतें, आणि हें घर आपलें आहे असें त्यांस वाटत होतें. उद्यां बर्फानेंहि पाठ फिरविली, तर कुलूप लावलेल्या त्या कोट्यवधींच्या घरांतून मागें राहणारीं अशीं सातशें माणसें निघतील काय? आम्हांस वाटतें, तीं निघालींच तर मंडळाच्या त्या तीन हजार घरांतूनच निघतील.