अंतर विकणे आहे

पुण्यातल्या एका परिसंवादात एका तंत्रज्ञ मित्रानं मला भर सभेत 'सपाट पृथ्वीवाला' ठरवलं. त्याचं म्हणणं असं की, वेब पानासारखी वाचायची ही छपाईच्या काळातली जुनी खोड आहे. माणूस त्रिमितीत जगतो, तेव्हा वेबही त्यानं हिंडून बघावी. दुकानात शिरावं तसं संकेतस्थळात शिरावं. पुराव्यादाखल त्यानं थेट सिमोनिडीस या ग्रीक कवीला साक्षीला उभं केलं. टाळ्या पडल्या. उत्तराला मला धड दोन मिनिटंही मिळाली नाहीत. ते उसनं इथं फेडतो.

कल्पना नवी नाही. १९९४ मध्ये जिनिव्हात वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. वेब तेव्हा रांगत होती, पण तिला तिसरी मिती जोडण्यासाठी 'व्हीआरएमएल' या भाषेची कल्पना तिथंच पुढं आली. पुढं त्या भाषेला आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का मिळाला. वापरणारे मात्र मिळाले नाहीत. गूगलचं 'लाइव्हली' हे त्रिमितीय आभासी जग जुलै २००८ मध्ये उघडलं आणि त्याच वर्षअखेर मिटलं. २०२१ मध्ये फेसबुकनं तर कंपनीचं नावच 'मेटा' केलं; २०२२ या एका वर्षात त्यांच्या आभासी जगाच्या विभागानं तेरा अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसला. सिनेमात मात्र हे जमतं: 'ज्युरासिक पार्क'मध्ये दाराशी डायनासोर धडका देत असताना एक पोरगी संगणकातल्या फायलींवरून विमानासारखी उडत हवी ती फाइल शोधते. ती संगणकप्रणाली सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीनं खरोखरच बनवलेली होती. डायनासोर बाहेर ताटकळत राहिला, ही पटकथेची मेहेरबानी.

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले अँडी कॉकबर्न आणि ब्रूस मॅकेन्झी यांनी २००१ च्या सुमारास पानांची छोटी चित्रं लोकांना सपाट आणि खोलीचा भास देणाऱ्या पडद्यावर मांडायला लावली आणि मग एकेक शोधायला सांगितलं. शोधण्याच्या कामगिरीत म्हणावा असा फरक पडला नाही. आवडला मात्र तिसऱ्या मितीचा पडदा! माझ्या मित्राला पडलेल्या टाळ्यांचा उलगडा इथंच होतो.

मग हा हट्ट पुन्हापुन्हा का उपटतो? माझ्या मते, जमिनीसाठी. टिम बर्नर्स-ली यांनी वेबमध्ये दुव्याला मध्यवर्ती जागा दिली, तेव्हाच अंतर संपलं. कुठलंही पान कुठल्याही पानापासून एका टिचकीवर. कोपऱ्यावरचा गाळा नाही, आतल्या गल्लीतली खोली नाही. जिथं अंतर नाही तिथं मोक्याची जागा नाही, आणि मोक्याची जागा नाही तिथं जागेचा भाव नाही. 'सेकंड लाइफ'मध्ये हे उघड्यावर घडलं. २००३ मध्ये सुरू झालेल्या या जगात सुरुवातीच्या काळात हव्या त्या ठिकाणी थेट उडी घेता येत नसे. जवळच्या 'टेलिहब'वर उतरायचं आणि तिथून चालत किंवा उडत जायचं. साहजिकच टेलिहबच्या आसपास दुकानं दाटली आणि तिथली जमीन महागली. 'स्टेशनपासून पाच मिनिटं' ही आपल्याकडची जाहिरात तिथंही चालली असती. २००५ च्या अखेरीस कंपनीनं थेट उडीला मुभा दिली, तेव्हा ओरडा केला तो या जमीनवाल्यांनी. प्रवाशांची सोय ही त्यांची नुकसानी होती. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'डिसेंट्रालँड' या दुसऱ्या आभासी जगात फॅशनच्या पेठेतला एक भूखंड सुमारे २४ लाख डॉलरला गेला. याच डिसेंट्रालँडमध्ये चॅटच्या चौकटीत एक ओळ टंकली की हव्या त्या ठिकाणी पोचता येतं. म्हणजे विकलेलं अंतर कुणी पायानं कापेलच अशी खात्री नव्हती.

आता सिमोनिडीस. थेसलीतल्या एका श्रीमंताच्या मेजवानीतून तो बाहेर बोलावला गेला आणि मागं छत कोसळलं. प्रेतं ओळखू येईनात. कोण कुठं बसला होता हे आठवून त्यानं एकेकाची ओळख पटवली, आणि त्यातून स्थळांच्या आधारानं स्मरण करायची विद्या जन्मली, अशी कथा सिसेरो सांगतो. फ्रान्सेस येट्स यांनी १९६६ मध्ये या विद्येचा इतिहास लिहिला. मित्रानं तो चाळला असावा. माझा तो लाडका ग्रंथ. त्यात भेटणारे रोमन वक्तृत्वगुरू सांगतात: मनातली जागा ओळखीची हवी, उजेड बेताचा हवा, दोन ठिकाणांत तीसेक फूट अंतर हवं आणि जागा निर्मनुष्य हवी, कारण वर्दळीत ठसे पुसट होतात. हा वाडा ज्यानं-त्यानं स्वतःच्या डोक्यात बांधायचा. कंपनीनं बांधलेल्या, जाहिरातींनी गजबजलेल्या पेठेशी त्याचं काय नातं? शिवाय स्मरणाला वाडाच लागतो असंही नाही. आपल्या घनपाठी वैदिकांनी पदं उलटसुलट गुंफून, निव्वळ आवाजावर, संहिता शतकानुशतकं जपली.

खटला जिंकला असं वाटत होतं. पण ती कथा पुन्हा वाचताना एक गोष्ट खटकली. सिमोनिडीसला खांब नव्हे, माणसं आठवली. कोण कुणाशेजारी बसलं होतं ते आठवलं. सपाट वेबवर नेमकं हेच नाही. एखादा लेख या क्षणी हजार जण वाचत असतील, पण मला त्यांतला एकही दिसत नाही. 'सेकंड लाइफ'मध्ये २०१० पासून भिंतीवर चालतं वेबपान लावता येतं. ते वाचायचं तर दृष्टिकोन फिरवून पान डोळ्यांसमोर सरळ आणावं लागतं, म्हणजे सपाटच करावं लागतं. पण शेजारी कुणी उभं असेल तर ते दिसतं. 'लाइव्हली' सहा महिनेही टिकलं नाही आणि 'सेकंड लाइफ' वीस वर्षांनंतरही नांदतं आहे. तिथले लोक वेब बघायला जात नाहीत, एकमेकांना भेटायला जातात. मित्राचा रोग खरा आहे, हे मला मान्य करावं लागतं.

औषध मात्र चुकीचं. एकाच दस्तऐवजावर चौघं काम करत असताना पडद्यावर रंगीत कर्सर पळतात आणि एखादा आपल्याच वाक्यापाशी येऊन थबकतो, तेव्हा शेजार पुरेसा जाणवतो. त्याला ना चष्मा लागतो ना भूखंड. आणि ही सोय आजची नव्हे. १९९३ मध्ये 'मोझॅक' ब्राउझर घडत होता, तेव्हा पानावर वाचकांनी एकमेकांसाठी टिपा ठेवण्याची सोय त्यात आणली होती. त्या टिपा साठवायला सर्व्हर हवा होता. सगळ्या जगाच्या टिपा वागवणारा सर्व्हर उभा करणं झेपणारं नव्हतं, म्हणून ती सोय काढून टाकण्यात आली.