नोंदवहीतील नाव

लग्नाचे बोलणे सुरू असताना मुलाकडची चौकशी करणे ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी त्यासाठी गावातल्या दोन जाणत्या माणसांना विचारीत, नाहीतर त्या धर्मग्रामाच्या फादरांना चिठ्ठी धाडीत. आता स्थळे सातासमुद्रापलीकडून येतात आणि चौकशीची साधनेही बदलली आहेत. मध्यंतरी एक गृहस्थ आमच्याकडे आले. (त्यांच्या संमतीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हे लिहीत आहोत.) त्यांच्या मुलीसाठी अमेरिकेत स्थायिक झालेल्या, आपल्याच समाजातील एका कुटुंबातून मागणी आली होती. गृहस्थांच्या भाच्याने सहज म्हणून त्या मुलाचे नाव तेथील काउंटीच्या तुरुंगाच्या नोंदीत शोधले आणि ते सापडले. छापून आणलेला कागद त्यांनी आमच्या टेबलावर ठेवला. छायाचित्र, वय, आरोप, जामिनाची रक्कम, आत घेतल्याची वेळ आणि दुसऱ्या दिवशी सोडल्याची वेळ असे सारे त्यावर होते. नोंद नऊ वर्षांपूर्वीची होती.

"फादर, हे पाहिले यात आमचे काही चुकले का? आणि आता पाहिलेच आहे, तर पुढे काय करायचे?"

खरे सांगायचे तर त्यांचा प्रश्न पुरा होण्याआधीच आमची नजर त्या छायाचित्राकडे गेली होती. विस्कटलेले केस, सुजलेले डोळे. क्षणार्धात आमच्या मनाने निकाल देऊन टाकला, आणि आरोप वाचण्यासाठी चष्मा लावला तो त्यानंतर! हा क्रम आम्हांस नंतर फार बोचला. प्रस्तुत चिंतन त्या बोचणीतून जन्मास आले आहे.

प्रथम, ही नोंद म्हणजे नेमके काय हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. आपल्या जिल्ह्याशी त्यांची ढोबळ तुलना करता येईल. बहुतेक काउंट्यांचा स्वतःचा तुरुंग असतो आणि तो बहुधा लोकांनी निवडून दिलेल्या शेरीफच्या ताब्यात असतो. शिक्षा भोगण्याचे मोठे कारागृह निराळे. काउंटीच्या तुरुंगात प्रामुख्याने नुकतेच पकडलेले, खटल्याची वाट पाहणारे लोक असतात. माणसाला तेथे आणले की त्याचे नाव, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि आरोप नोंदवून घेतात. सुटका झाली की तिचीही नोंद होते. २०१९ या एका वर्षात अशा तुरुंगांत सुमारे एक कोटी तीन लाख वेळा माणसे आत घेतली गेली, आणि कोणत्याही दिवशी तेथे असलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. ही नोंद पोलिसांनी केलेला आरोप सांगते, न्यायालयाचा निर्णय सांगत नाही. सुटका झाली म्हणजे माणूस निर्दोष ठरला असेही नव्हे. तो जामिनावर सुटलेला असेल, हमीवर सुटलेला असेल किंवा आरोपच मागे घेतला गेला असेल. शेवट जाणून घ्यायचा तर न्यायालयाच्या दप्तरातच पाहावे लागते, आणि नोंदीतला माणूस तोच आहे की त्याच्या नावाचा दुसरा, हे जन्मतारखेवरून पडताळावे लागते.

मग ही नोंद सर्वांसाठी खुली का ठेवतात? याचे उत्तर हलके नाही. राजसत्तेने माणसाला गुपचूप उचलून नेऊ नये, रात्री नाहीसा झालेला मुलगा कुठे आहे हे आईला कळावे, यासाठीच तुरुंगाची वही लोकांपुढे उघडी असावी लागते. आपल्या देशालाही हे कटू अनुभवातून शिकावे लागले. १९९६ साली डी. के. बसू खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अटकेची माहिती नातेवाइकांना देण्याचे आणि पोलीस नियंत्रण कक्षातील फलकावर लावण्याचे बंधन घातले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही अटक झालेल्यांची नावे व आरोप पोलीस ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे प्रदर्शित करण्याची तरतूद आहे.

नोंद खुली असण्याची दुसरी एक गरज केंटकी राज्यातील जेफर्सन काउंटीने, म्हणजे लुईव्हिल शहराच्या परिसराने, जगाला दाखवून दिली. डिसेंबर १९९३ मध्ये तेथे एका तरुणीचा तिच्या एकविसाव्या वाढदिवशी खून झाला. खून करणारा तिच्या पूर्वपरिचयातला होता. तिच्यावरील अत्याचाराच्या आरोपावरून तो तुरुंगात होता आणि जामिनावर सुटला होता. तो सुटला आहे हे तिला कोणी कळवलेच नव्हते. तिच्या आईवडिलांच्या आग्रहातून १९९४ साली त्या काउंटीत अशी व्यवस्था सुरू झाली की पीडित व्यक्तीने नाव नोंदवले, तर आरोपीच्या सुटकेची वर्दी तिला आपोआप दूरध्वनीवरून मिळावी. पुढे ही व्यवस्था अमेरिकेच्या बहुसंख्य राज्यांत पसरली. एक ओळ वेळेवर कळली असती तर एक जीव वाचण्याचा संभव होता. हे ध्यानात घेता, अशा नोंदी सरसकट झाकाव्यात असे म्हणण्यास आमची जीभ धजावत नाही.

परंतु त्याच लुईव्हिलमध्ये त्याआधी वीस-एकवीस वर्षे दुसरी गोष्ट घडली होती. १९७२च्या डिसेंबरात पोलिसांनी दुकानांतून चोऱ्या करणाऱ्यांची नावे व छायाचित्रे छापून सुमारे आठशे व्यापाऱ्यांना वाटली. त्यांत एका वृत्तपत्राचा छायाचित्रकार होता. त्याला पूर्वी एकदा अटक झाली होती, पण दोष सिद्ध झालेला नव्हता, आणि पत्रक वाटल्यावर थोड्याच दिवसांत त्याच्यावरील आरोपही रद्द झाला. तो दाद मागत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७६ साली 'पॉल विरुद्ध डेव्हिस' या खटल्यात बहुमताने निर्णय झाला की केवळ नावलौकिकाला धक्का लागला एवढ्याने राज्यघटनेने दिलेल्या हक्काचा भंग होत नाही. कायद्याच्या दृष्टीने त्या निर्णयाची मीमांसा विधिज्ञांनी करावी. आम्हांस मात्र एवढेच दिसते की कायद्याचे कुंपण जेथे संपले, तेथे त्या माणसाचे नाव उघड्यावर पडले.

पुढे संगणक आला. काउंटीच्या कचेरीत जाऊन जी वही मागावी लागे, ती घरबसल्या उघडू लागली. कचेऱ्यांतून विखुरलेले कागद आणि एका ठिकाणी गोळा केलेली माहिती यांत मोठा फरक आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच ओळखले होते. तरीही काही व्यापारी प्रवृत्तीच्या लोकांनी अटकेची छायाचित्रे गोळा करून प्रसिद्ध केली आणि ती काढून टाकण्यासाठी पैसे उकळले. २०१३ साली जॉर्जिया राज्याने या धंद्याविरुद्ध कायदा केला, आणि इतर राज्येही त्या वाटेने गेली. २०१८ साली कॅलिफोर्नियात अशाच एका धंद्याच्या चालकांवर खंडणीचे आरोप ठेवण्यात आले.

तेव्हा, खुले आहे म्हणून कोणीही, कोणत्याही हेतूने, ते कोणालाही सांगावे काय? येथे ख्रिस्तसभेची शिकवण फार सूक्ष्म आहे. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात आठव्या आज्ञेखाली तीन पापांची नावे वेगवेगळी दिली आहेत : पुरेशा आधाराशिवाय मनात दोष धरणे, योग्य कारणावाचून दुसऱ्याचा खरा दोष ज्याला ठाऊक नाही त्याला सांगणे, आणि खोटा आळ घेणे. आपण बहुधा तिसऱ्यालाच पाप समजतो. "खरे तेच सांगितले!" असे म्हणून सुटू पाहतो. पण दुसऱ्या प्रकारात सांगितलेली गोष्ट खरीच असते. संत थॉमस अक्वायनस यांनी हेतूवर बोट ठेवले. आवश्यक अशा हितासाठी दोष सांगितला तर पाप नाही. माणसाचे नाव खाली आणण्यासाठी सांगितला तर पाप आहे. न्यायालयाने दोष ठरवलेला असला, तरी काळाच्या ओघात विसरला गेलेला आणि माणसाने चांगल्या वर्तनाने पुसून काढलेला दोष पुन्हा उकरून काढणे हे निदान प्रीतीविरुद्ध आहे, असे नीतिशास्त्राचे जुने आचार्यही शिकवीत आले. मग जेथे केवळ अटक झाली आहे, तेथे जीभ किती आवरावी?

आपल्या ख्रिस्तसभेलाही जाहीर घोषणेची ओळख आहे. विवाहापूर्वी वधूवरांची नावे मिस्साच्या वेळी वाचली जातात, आणि अडथळा ठाऊक असल्यास तो कळवणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य असते. पण ती घोषणा विवाहापुरती असते, ठरलेल्या दिवसांपुरती असते, आणि जे कळवायचे ते धर्मगुरूला कळवायचे असते, चावडीवर नव्हे. तुरुंगाच्या नोंदीला मात्र अशी मुदत बहुधा नसते. ती मुदत वाचणाऱ्याने स्वतःच्या विवेकात ठरवायची असते.

या विचाराने आम्ही त्या गृहस्थांना म्हटले, "तुम्ही पाहिलेत यात दोष नाही. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, आणि बापाला जाणून घेण्याचा हक्क आहे. पण अर्धेच पाहून थांबलात. आता न्यायालयात काय झाले ते पाहा, आणि त्याआधी त्या मुलालाच विचारा. त्याला सांगण्याची संधी न देता निकाल देऊ नका." क्षणभर थांबून आम्ही विचारले, "हा कागद आणखी कोणाला दाखवलात?"

त्यांनी मान खाली घातली. दोन नातेवाइकांना दाखवला होता. त्या दोघांकडून तो किती ठिकाणी गेला हे देवच जाणे.

मुलाने काहीही लपवले नाही. एकोणिसाव्या वर्षी मद्य पिऊन गाडी चालवताना तो पकडला गेला होता. गुन्हा कबूल करून त्याने दंड भरला होता आणि त्यानंतर दारूला स्पर्श केला नव्हता. म्हणजे नोंद खरी होती, पण त्याच्या आयुष्यातील पुढची नऊ वर्षे तिच्यात नव्हती. पापनिवेदनाच्या जागी बसणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना तरी हे उमगायला हवे होते! रोज आम्ही क्षमेचे शब्द उच्चारतो, आणि एका छायाचित्रासमोर ते विसरलो.

आपल्या प्रभूलाही अटक झाली होती. त्याच्यावरील आरोप पिलाताने तीन भाषांत लिहून क्रूसावर लावला होता. येणाऱ्या-जाणाऱ्या पुष्कळांनी तो वाचला आणि वाचून माना डोलावल्या. पाटीपलीकडे त्या माणसाकडे पाहणारे थोडेच होते. उपवासकाळात क्रूसाच्या वाटेवर चालताना, आपण त्यांपैकी कोणांत मोडतो हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

दुसऱ्याचे नाव घालवले असेल तर त्याची भरपाई करण्याचे कर्तव्य क्षमा मिळाल्यानेही संपत नाही, असेही ख्रिस्तसभा शिकवते. त्याप्रमाणे ते गृहस्थ त्या दोन्ही नातेवाइकांच्या घरी स्वतः गेले आणि उरलेली हकिकत सांगून आले. कागद दाखवायला त्यांना दोन मिनिटे लागली होती. तो परत घ्यायला दोन संध्याकाळी गेल्या आणि मान खाली घालावी लागली ती वेगळीच. ते लग्न झाले की नाही, हे वाचकांनी आम्हांस विचारू नये. ते जाणून घेण्याचा हक्क ज्यांना आहे त्यांना ते ठाऊक आहे.