पुरलेलें ऋण

आगीपासून माणसास वांचवावें या हेतूनें केलेली वस्तु त्याच माणसाच्या अन्नांत उतरली, तर दोष कोणाचा? हेतूचा, हाताचा, कीं मागाहून ज्यांनीं डोळे मिटले त्यांचा? वर्गांत हा प्रश्न घातला तर विद्यार्थी चटकन् ‘हाताचा’ म्हणून मोकळे होतात. आम्हांस तें तितकें सोपें वाटत नाहीं.

अमेरिकेंत मिशिगन राज्यांत पाइन नदीच्या कांठीं सेंट लुइस नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील रसायनांच्या कारखान्यांत प्लॅस्टिकनें पेट घेऊं नये म्हणून त्यांत मिसळावयाचें ‘फायरमास्टर’ हें ब्रोमीनयुक्त द्रव्य होई, आणि गुरांच्या खाद्यांत घालावयाचें ‘न्यूट्रिमास्टर’हि होई. १९७३ सालीं पहिल्याचीं पोतीं दुसऱ्याच्या ऐवजीं खाद्याच्या गिरणींत गेलीं. गाई दूध देईनात, वासरें मरूं लागलीं. हॅल्बर्ट नांवाच्या एका सुशिक्षित गवळ्यानें चिकाटीनें माग काढला, तेव्हां १९७४ त खरें कारण उघडकीस आलें. तोंपर्यंत तें दूध व मांस घरोघर पोंचलें होतें. सुमारें ३०,००० गुरें आणि १५ लाख कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. कित्येकांच्या रक्तांत चाळीस वर्षांनंतरहि तें द्रव्य सांपडलें.

येथवर ती चूक होती, आणि चुकीस क्षमा असते. पण त्याच कारखान्याची घाण वर्षानुवर्षें नदींत व जमिनींत जात होती, ती कांहीं गफलतीनें नव्हे. १९७८ त कारखाना बंद झाला. १९८२ त सरकार व कंपनी यांच्यांत करार झाला. इमारती पाडून तेथेंच गाडल्या, वर चिकणमातीचें आच्छादन घातलें, आणि थडग्यावर असावा तसा एक दगड उभा केला. पुढें तें आच्छादन पुरें पडत नाहीं असें आढळलें. शेजारच्या अंगणांत तर, जुन्या डीडीटीनें विषारलेलीं गांडुळें खाऊन रॉबिन पक्षी मरून पडत.

हें ब्रोमीनचें द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. मातीच्या कणांस घट्ट धरून बसतें. गाजरा-मुळ्यासारख्या पिकांच्या मुळांवर तें थोडें चिकटतें, पानांपर्यंत सहसा चढत नाहीं. म्हणजे झाड टवटवीत दिसतें आणि जमीन मात्र विसरत नाहीं. हिरवळीची साक्ष आपण फार लौकर मान्य करतों!

कोणी म्हणेल, आगीनेंहि माणसें मरतातच. खरें आहे, ज्यानें तें द्रव्य शोधिलें त्यास आम्ही दुष्ट म्हणत नाहीं. आमचा आक्षेप करारावर आहे. देणेंघेणें फिटलें असें दोन पक्षांनीं आपसांत ठरविलें; पण ज्याला तें देणें होतें तो तिसरा पक्ष अद्यापि जन्मलाहि नव्हता. पितरांचें ऋण संतति निर्माण करून फेडावें असें आपलें शास्त्र सांगतें. त्या संततीस पाय टेकावयास भूमि कशी द्यावी, हें सांगण्याची जरूर शास्त्रकारांस भासली नसावी. ती बिघडवितां येते हेंच त्यांस ठाऊक नव्हतें. आपणांस तें ठाऊक आहे, म्हणून त्यांची सबब आपणांस लागू पडत नाहीं.

गांवकऱ्यांनीं मात्र तो हिशेब मिटला असें मानलें नाहीं. त्यांनीं स्वतःची समिति करून सरकारचा पिच्छा पुरविला. नदीच्या तळचा गाळ काढला गेला, आणि पुढें घरांच्या अंगणांतली मातीहि खणून नेऊन तेथें नवी माती घातली गेली.