उद्यापन नसलेला संकल्प

सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यातल्या वैरागसारख्या गावांपर्यंत आता जिम पोचली आहे, आणि तिच्यासोबत वर्षाची फी एकदम भरून घेण्याची रीतही. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेले असते की भरलेली फी परत मिळणार नाही. दोन महिन्यांत जाणे थांबते. मग पैसे अडकल्याच्या चुटपुटीपेक्षा अपराधीपणाच जास्त छळतो: सही आपलीच होती, शब्द आपणच दिला होता. या अपराधीपणाची छाननी व्हायला हवी, कारण त्यात दोन वेगळी बंधने एकमेकांत मिसळली आहेत. रोज व्यायाम करीन हा संकल्प आपण स्वतःशी केलेला असतो, आणि इतक्या रकमेत इतकी सेवा हा मालकाशी केलेला व्यवहार असतो. संकल्प मोडल्याची लाज मालकाच्या गल्ल्यात जमा होण्याचे धर्माच्या दृष्टीने काहीही कारण नाही.

संकल्पाबाबत आपली परंपरा समजली जाते तितकी कठोर नाही. सोळा सोमवारांना उद्यापन आहे, म्हणजे व्रत धरण्याबरोबरच ते विधिपूर्वक संपवण्याचीही वाट आखलेली आहे. मध्येच मोडले तर प्रायश्चित्त आहे. माळ घातलेल्या वारकऱ्याची एखाद्या वर्षी वारी चुकली तर तो मनात झुरतो, पण कोणी त्याच्याकडे उरलेल्या वारीचे पैसे मागत नाही. व्यवहाराबाबत तर स्मृतिकारांनी पश्चात्तापाला चक्क कायद्याचे कलम दिले. खरेदी-विक्रीनंतर मन बदलले तर दहा दिवसांत व्यवहार फिरवता येतो, असे मनुस्मृती सांगते. नारदस्मृतीचा हिशेब आणखी बारीक आहे: वस्तू जशीच्या तशी त्याच दिवशी परत केली तर पूर्ण किंमत, दुसऱ्या दिवशी तिसावा भाग कापून, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट कापून, आणि पुढे माल घेणाऱ्याच्या गळ्यात. मुदत संपल्यावर हा आधार उरत नाही, हे खरे. पण तो नियम हातात आलेल्या वस्तूचा आहे. जिमचे पुढचे दहा महिने अजून कोणी दिलेले नाहीत आणि कोणी घेतलेले नाहीत.

यावर हरिश्चंद्र पुढे केला जातो: स्वप्नात दिलेला शब्दही त्याने पाळला. पण त्याच परंपरेतले कर्णपर्वही वाचायला हवे. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याला मारीन, ही अर्जुनाची प्रतिज्ञा होती, आणि युधिष्ठिर नेमके तेच बोलला. कृष्णाने अर्जुनाला थांबवले, आणि खरे बोलण्याच्या हट्टापायी निरपराधांना दरोडेखोरांच्या हाती देणाऱ्या कौशिकाची गोष्ट सांगितली. शब्द कशासाठी दिला, कोणाचे त्यात काय होते, हे न पाहता अक्षराला चिकटणे कृष्णाला धर्म वाटले नाही. सोलापूरकरांना हा विचार पोथीबाहेरही ठाऊक असायला हवा. १२ मे १८७५ रोजी सुप्यात शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला, पुणे-नगरकडे सावकारांचे कर्जरोखे जाळले गेले, आणि १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर हे चार जिल्हे त्यात होते. रोख्यावर अंगठा आहे एवढ्यावर न थांबता न्यायालयाने मूळ व्यवहाराचा इतिहास तपासायचा, हे त्याचे मर्म. जिमची फी आणि सावकारी पाश एका मापाचे नाहीत, हे उघड आहे. पण सही म्हणजे प्रश्नाचा शेवट नव्हे, ही गोष्ट या जिल्ह्यात तेव्हापासून मान्य आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जिमवाल्याने बँकेचे कर्ज काढून यंत्रे आणली, जागेचे भाडे तो वर्षभर भरणार; सगळेच मध्ये सोडू लागले तर त्याने जगायचे कसे? त्याचे म्हणणे खरे आहे, म्हणूनच गुपचूप गायब होणे वा खोटे आजारपण सांगणे हा मार्ग नाही, आणि वैरागच्या बाजारात जिथे दर आठवड्याला तोंडासमोर यायचे तिथे तो जमणारही नाही. वापरलेल्या महिन्यांचे पैसे, सवलत काढून घेतली तरी, त्याला मिळाले पाहिजेत. सोडल्यामुळे झालेले खरे नुकसानही. त्यापलीकडे नाही. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम करारभंगासाठी वाजवी भरपाईच देते, कागदावर दंड कितीही लिहिला असो; आणि नुकसानीशी ताळमेळ नसलेला दंड लादणारा करार २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित ठरवतो. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा इथे नीट ऐकावी. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची कोठारे उघडली, सोपवलेल्या मालाची मर्यादा मोडली, आणि लोकांनी त्यांना संत मानले. तरी कथा तिथे संपत नाही. विठू महाराच्या रूपात विठोबा बेदरला जातो, धान्याची किंमत मोजतो आणि रीतसर पावती घेतो. तसाच जिम सोडणाऱ्यानेही आधी आपला हिशेब लिहून मालकासमोर ठेवावा. उरलेली रक्कम तरीही नाकारली, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर किंवा सोलापूरच्या जिल्हा आयोगाकडे जाताना मान खाली घालण्याचे कारण नाही. व्यायाम करायचा राहिला, हे मात्र त्याचे त्याच्याशीच राहील.