जमाखर्चात न धरलेले श्रम

21 मार्च 2017 रोजी एड चायना या ब्रिटिश मेकॅनिकनं एक चित्रफीत प्रसिद्ध करून 'व्हीलर डीलर्स' हा कार्यक्रम सोडत असल्याचं जाहीर केलं. 2003 साली डिस्कव्हरीवर सुरू झालेला हा कार्यक्रम तोवर जगभर पोहोचला होता, भारतातही. त्याची घडी साधी होती. माइक ब्रुअर जुनी, रखडलेली गाडी घासाघीस करून विकत घ्यायचा. उंचापुरा एड नारिंगी हातमोजे चढवून ती वर्कशॉपमध्ये दुरुस्त करायचा. मग माइक ती विकायचा आणि पडद्यावर हिशेब यायचा.

एडनं दिलेलं कारण स्पष्ट होतं. कार्यक्रमाची निर्मिती आता अमेरिकेतल्या व्हेलॉसिटी वाहिनीच्या हाती आली होती. वर्कशॉपमधलं सविस्तर काम दाखवणं फार अवघड पडतं, ते कमी करावं, असं वाहिनीला वाटत होतं. एडला ते मान्य नव्हतं. त्याच्या जागी अँट अ‍ॅन्स्टेड आला. तोही स्वतःच्या हातानं गाड्या बांधणारा, जाणता माणूस होता. तरीही जुने प्रेक्षक नाराज झाले आणि ती नाराजी वर्षानुवर्षं टिकली. 2021मध्ये फॉर्म्युला वनच्या मॅक्लारेन संघात मेकॅनिक राहिलेला मार्क प्रीस्टली आला, तेव्हाही लोक एडच्याच वर्कशॉपची आठवण काढत होते.

एका मनोरंजनाच्या कार्यक्रमासाठी इतकं का हळहळायचं, असं कुणी म्हणेल. मला ही हळहळ खरी आणि महत्त्वाची वाटते, कारण पडद्यावरून कमी होत होती ती समजावून सांगितलेली मेहनत.

या मेहनतीचं आकर्षण मला माझ्या गावातच दिसलं. मी राहतो ते वेस्ट विंडसर न्यू जर्सीतल्या मर्सर काउंटीत, प्रिन्स्टनच्या शेजारी आहे. तीस हजारांच्या आतबाहेर वस्तीचं हे गाव. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन आमच्याच हद्दीत येतं आणि सकाळी न्यूयॉर्ककडे निघणाऱ्या गाडीत मराठी बोलणं सहज कानावर पडतं. इथली मराठी माणसं बहुतेक संगणक, औषधनिर्मिती किंवा बँकांच्या क्षेत्रात काम करतात. दर घरी दोन गाड्या, पण बॉनेट क्वचितच उघडलं जातं. न्यू जर्सीत तर 1949च्या कायद्यामुळे पंपावर स्वतःच्या हातानं पेट्रोलही भरता येत नाही, ते पंपावरचा माणूस भरतो. गाडीवाचून दूध आणायला जाता येत नाही अशा या गावात गाडीला हात लावायची वेळ मात्र येत नाही. तरीही माझ्या ओळखीच्या कितीतरी मराठी घरांत 'व्हीलर डीलर्स' आवडीनं पाहिला जायचा. इंजिनियरिंगची पदवी असून आयुष्यात कधी पाना न फिरवलेली माणसं एडचे हात टक लावून पाहायची.

त्यामागे आपल्या घडणीतली एक उणीव आहे. आपल्याकडे डोकं चालवणारा इंजिनियर आणि हात काळे करणारा मेकॅनिक यांच्यात जातीनं, शिक्षणानं आणि पगारानं भिंत उभी केली. मुलगा गॅरेजमध्ये रमला तर घरात काळजी सुरू व्हायची. ती भिंत ओलांडणारी माणसंही आपल्यात होऊन गेली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावात सायकलींच्या धंद्यात उतरले, पुढे लोखंडी नांगर बनवला आणि 1910मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्याच कारखान्यातून 1920मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. मराठीतलं एक थोर मासिक कारखान्याच्या आवारात जन्मलं, ही गोष्ट आपण पुरेशी लक्षात ठेवलेली नाही. कामाबद्दल चारचौघांशी बोलता येतं, त्यात लपवण्यासारखं किंवा कमीपणाचं काही नसतं, हा विश्वास त्या घटनेत होता.

एडच्या वर्कशॉपमध्ये तोच विश्वास दिसायचा. हेड गॅस्केट बदलण्याचं काम घ्या. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली ही पातळ चकती. ती जळली की इंजिन थंड ठेवणारं पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकतं, धुराड्यातून पांढरी वाफ निघते, कधी पाणी ऑइलमध्ये मिसळून ते दुधाळ होतं. ती बदलायची तर आधी पाणी काढायचं, टायमिंगच्या खुणा जुळवून ठेवायच्या, हेड उतरवायचं. मग त्याच्या तळावर सरळ पट्टी धरून ते वाकलंय का हे पाहायचं, वाकलं असेल तर मशीनवर घासून सपाट करून घ्यायचं. नवी चकती बसवल्यावर बोल्ट वाटेल तसे आवळायचे नाहीत. सर्वसाधारणपणे मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जायचं, ठरलेल्या क्रमानं, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क रेंचवर मोजून. तसं केलं नाही तर दाब सगळीकडे सारखा पडत नाही आणि चकती पुन्हा जळते.

हे सगळं नीट दाखवायला काही मिनिटं लागतात. त्या मिनिटांत प्रेक्षकाला एक कारणमाळ मिळते: हे असं बिघडलं म्हणून ते तसं झालं, म्हणून आता हे करायचं. बदललेल्या शैलीत हेच काम बॉनेट उघडण्यात, वेगवान संगीतात आणि चकचकीत इंजिनाच्या दृश्यात उरकता येतं. गाडी दोन्हीकडे दुरुस्त होते. पहिल्या प्रकारात पाहणाऱ्याला काही कळतं, दुसऱ्यात त्याला फक्त निकाल मिळतो. प्रेक्षक रागावले ते या फरकामुळे. तुम्हाला एवढं समजणार नाही, समजलं तरी तुम्ही तेवढा वेळ बसणार नाही, असं कुणीतरी आपल्याबद्दल परस्पर ठरवलं, हे त्यांना लागलं.

वाहिनीची अडचण खोटी नव्हती. गंजलेला बोल्ट कॅमेऱ्याच्या सोयीनं सुटत नाही. खरं काम अनेक दिवस चालतं, मेकॅनिकला मध्येच थांबवून तीच हालचाल दुसऱ्या बाजूनं टिपावी लागते, आणि ज्याला काम कळतं असाच माणूस संकलनाला बसवावा लागतो. त्यापेक्षा घासाघीस, वाद आणि मुदतीची धावपळ चित्रित करणं स्वस्त पडतं. केबलचे प्रेक्षक घटत असताना वाहिनीनं खर्चाकडे पाहिलं, यात नवल नाही.

पण या वाटेचा शेवट कुठे होतो, हे अमेरिकेनं आधीच पाहिलेलं आहे. आज टीएलसी म्हणून ओळखली जाणारी वाहिनी 1972मध्ये अमेरिकन सरकारचं आरोग्य-शिक्षण खातं आणि नासा यांच्या पुढाकारानं, दुर्गम अ‍ॅपलाचियन भागात शिक्षण पोहोचवण्यासाठी सुरू झाली. पुढे ती 'द लर्निंग चॅनल' झाली, मग नावातलं शिकणं आद्याक्षरापुरतं राहिलं आणि पडद्यावर कौटुंबिक तमाशे आले. 1995मध्ये सुरू झालेल्या हिस्टरी चॅनलवर पुढे गहाणवटीच्या दुकानातली घासाघीस इतिहासापेक्षा जास्त दिसू लागली. या प्रत्येक वेळी निर्णय खर्चाचा होता, आणि प्रत्येक वेळी त्याचं खापर 'लोकांना हेच हवं असतं' म्हणत लोकांवर फोडलं गेलं.

लोकांना समजावून घ्यायला आवडत नाही, हे म्हणणंच मुळात खोटं आहे. बॉस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवर 1979मध्ये सुरू झालेला 'धिस ओल्ड हाउस' हा घरदुरुस्तीचा कार्यक्रम सुतार आणि प्लंबर यांना शांतपणे बोलू देत चार दशकांहून अधिक काळ टिकला. टॉम आणि रे मॅग्लिओझी हे दोघे भाऊ एमआयटीचे पदवीधर. त्यांनी केंब्रिजमध्ये गॅरेज चालवलं आणि 'कार टॉक' या रेडिओ कार्यक्रमातून वर्षानुवर्षं लोकांच्या गाड्यांच्या तक्रारी सोडवल्या. रेडिओवर तर चित्रही नव्हतं, तरी देशभरातली माणसं दुसऱ्याच्या गाडीचा क्लच का घसरतो हे मन लावून ऐकत होती. वेस्ट विंडसरमधल्या ज्या आईबापांना आपली मुलं एमआयटीला जावीत असं वाटतं, त्यांनी या दोन भावांची गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

कार्यक्रमाचा साचा हा प्रेक्षकाशी केलेला करार असतो, हे आमच्या गावाला वेगळं सांगावं लागत नाही. 30 ऑक्टोबर 1938च्या रात्री ऑर्सन वेल्सनं सीबीएस रेडिओवर एच. जी. वेल्सच्या कादंबरीचं नाट्यरूप सादर केलं आणि मंगळावरचे हल्लेखोर उतरवले ते इथल्याच ग्रोव्हर्स मिलमध्ये. संगीत मध्येच थांबवून बातमी द्यावी तसा त्या नाटकाचा मोठा भाग रचला होता. त्या रात्री देशभर हाहाकार माजल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. ती वर्णनं फुगवलेली होती, असं पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. पण काही श्रोते खरोखर फसले, कारण बातमीच्या साच्यावर त्यांचा विश्वास होता. 1988मध्ये, पन्नास वर्षं झाल्यावर, इथल्या व्हॅन नेस्ट पार्कमध्ये त्या प्रसंगाचं स्मारक उभं राहिलं. ऐकणारा माणूस आधी साच्यावर विश्वास टाकतो आणि मग मजकुराकडे वळतो, हे त्या रात्रीतून शिकावं. नाव तेच, निवेदक तोच, शेवटचा हिशेबही तोच ठेवून आतलं काम कमी केलं, तर जुन्या प्रेक्षकाला करार मोडल्यासारखं वाटणारच.

त्या रागात काही प्रेक्षकांनी माइक ब्रुअरला शिव्या दिल्या, त्याच्या कुटुंबाला धमक्याही आल्या. हे निंद्य होतं. श्रमाची बाजू घेणाऱ्यानं दुसऱ्या कष्टकऱ्याच्या जिवावर उठायचं, याचं कोणतंही समर्थन होऊ शकत नाही. निर्णय वाहिनीचा होता, तर प्रश्नही तिलाच विचारायला हवा होता.

आणि एक प्रश्न आपण प्रेक्षकांनी जुन्या, आवडत्या भागांनाही विचारायला हवा होता. शेवटी पडद्यावर येणाऱ्या त्या हिशेबात गाडीची किंमत असायची, सुट्या भागांचा खर्च असायचा. एडच्या तासांचे पैसे मात्र कधीच धरलेले नसायचे. कित्येक दिवसांच्या कसबी कामाची मजुरी मांडली असती तर बहुतेक भागांत नफ्याच्या जागी तोटा दिसला असता. म्हणजे श्रमाला इतकी जागा देणाऱ्या या कार्यक्रमानंही जमाखर्चात श्रमाची किंमत शून्यच धरली होती. 2017मध्ये जे झालं त्याचं बी इथे होतं. ज्या कामाला वहीत किंमत नाही, ते काटकसरीच्या दिवसांत पडद्यावरूनही आधी उतरवलं जातं. आपण नफ्याच्या आकड्यावर खूश होत राहिलो आणि मजुरीच्या रकान्याची चौकशी केली नाही.

हे फक्त टीव्हीपुरतं नाही. मुंबईत काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी दशकानुदशकं धावली. अशी शेवटची टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे 2023च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तेव्हा त्या गाडीवर भरपूर लिहिलं गेलं, रंग, मीटर, आतली सजावट, सिनेमातली दृश्यं. गल्लीबोळांतल्या गॅरेजांत ज्यांनी तिचे कार्ब्युरेटर साफ केले, सडलेले पत्रे कापून नवे जोडले, मिळेनासे झालेले भाग घडवून घेतले, त्यांची विद्या कुणी त्या तपशिलानं टिपल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आपल्या मराठी वाहिन्यांच्या हाती ही संधी अजून आहे. ते मिस्त्री आहेत, त्यांचे हात चालतात, आणि विचारलं तर ते बोलतात.

म्हणून कामावरच्या कोणत्याही कार्यक्रमाला, तो इंग्रजी असो की मराठी, दोन कसोट्या लावाव्यात असं मला वाटतं. तो पाहून झाल्यावर हे काम असंच का करायचं, हे मला दुसऱ्याला सांगता येतं का? आणि ते करणाऱ्याचा वेळ हिशेबात धरलेला आहे का? वेस्ट विंडसरमधली आपली मुलं उद्या कंपन्या चालवतील, अंदाजपत्रकं मांडतील, कुणाला किती पगार द्यायचा हे ठरवतील. हेडचे बोल्ट क्रमानं का आवळायचे हे ज्यांनी एकदा समजून घेतलं आहे, ती मुलं गॅरेजचं बिल पाहून मजुरीच्या रकान्यावर नाक मुरडणार नाहीत. मुलांना असे कार्यक्रम शोधून दाखवा, आणि गाडी दुरुस्तीला न्याल तेव्हा त्यांना बरोबर न्या. मेकॅनिकला वेळ असेल तर त्यांच्या देखत विचारा की काय बिघडलं होतं आणि तुम्ही ते कसं ओळखलं.