फळीचा बाक

दिवाळीच्या आधीची साफसफाई आमच्या घरात दर वर्षी एखादा वाद उकरून काढते. यंदाचा वाद निघाला तो पुस्तकांच्या फळीवरून. बैठकीच्या खोलीतील ही चार फुटांची फळी गेली बावीस वर्षे जुने दिवाळी अंक सांभाळीत उभी आहे. जळमटे काढता काढता आमच्या सौभाग्यवती थांबल्या, दोन पावले मागे सरल्या आणि म्हणाल्या, "फळी वाकली आहे. एक दिवस हे सगळे कोणाच्या तरी डोक्यात पडेल. निम्मे अंक रद्दीत द्या."

दिवाळी अंक रद्दीत द्यायचे म्हणजे काय, हे ज्याने ते जमविले आहेत त्यालाच कळेल! मी फळीची बाजू घेतली. वाकणे वेगळे आणि मोडणे वेगळे, असे समजावून सांगितले. जन्मभर इमारतींच्या तुळया आणि खांब यांचे हिशेब करून पोट भरलेल्या माणसाचे हे मत होते. पण अशा तज्ज्ञ मतांना घरात किती किंमत असते, हे वाचकांना सांगायला नको. अखेर निवाडा नातीकडे गेला.

मुक्ता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिने लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत पडद्यावर आमची फळी उभी केली. लांबी १२०० मिलिमीटर, रुंदी २५०, जाडी १९, प्लायवूडची जात, वर अंकांचे वजन सुमारे ४० किलो. पुढचे काम यंत्राचे. ते फळीचे मनातल्या मनात लहान लहान तुकडे करते, प्रत्येक तुकडा शेजारच्याला किती रेटतो आणि स्वतः किती सरकतो याची समीकरणे मांडते, आणि अशी हजारो समीकरणे आपण चष्मा पुसेपर्यंत सोडवून मोकळे होते. पडद्यावर फळी निळ्या, हिरव्या, तांबड्या पट्ट्यांनी नटली. ताण जिथे जास्त तिथे तांबडा रंग. ती धनुष्यासारखी वाकलेलीही दिसत होती. पण हा बाक डोळ्यांना कळावा म्हणून कितीतरी पटींनी फुगवून दाखविलेला असतो, असे मुक्ताने सांगितले. खरा आकडा कोपऱ्यात होता : १.८ मिलिमीटर. ताण तर इतका किरकोळ, की फळी मोडण्याचा प्रश्नच नव्हता.

"आजी, फळी ठीक आहे," मुक्ता म्हणाली.

आजीने वाद घातला नाही. झेंडूच्या तोरणासाठी काढून ठेवलेला दोरा तिने उचलला, एक टोक मुक्ताच्या हाती दिले, आणि फळीच्या वरच्या कडेला धरून तो ताणला. मधोमध दोरा आणि फळी यांच्यामध्ये तिची करंगळी सहज शिरली. मी पट्टी लावून पाहिले. १४ मिलिमीटर.

यंत्र खोटे म्हणावे, तर त्याने गणितात तसूभरही चूक केलेली नव्हती. चूक निघाली ती प्रश्नात. फळीची टोके कशी धरली आहेत, असे यंत्राने विचारले होते, आणि मुक्ताने घाईत "पक्की" असे सांगितले होते. जणू ती दोन्हीकडे भिंतीत चिणलेली आहेत. आमची फळी बिचारी दोन ब्रॅकेटांवर नुसती टेकलेली! सारखा भार असलेल्या तुळईची टोके पक्की असली तर ती जितकी वाकते, त्याच्या बरोबर पाच पट ती टोके नुसती टेकलेली असताना वाकते. हे वरच्या वर्गातल्या कोणत्याही विद्यार्थ्याला पाठ असते. १.८ चे ९ झाले. राहिले पाच. ते काळाचे. लाकूड सततच्या ओझ्याखाली वर्षानुवर्षे थोडे थोडे नमत जाते. यंत्राला या बावीस वर्षांविषयी कोणी काही सांगितलेच नव्हते.

मुक्ता खळखळून हसली. मला मात्र तितकेसे हसू आले नाही. नेमकी हीच चूक मी एकदा केली होती, आणि त्या चुकीपेक्षाही तिच्यामागून मी जे केले ते आजवर घरात कोणाला सांगितलेले नव्हते.

१९९६ सालची गोष्ट. मी ज्या कचेरीत नोकरीला होतो तिथे संगणक नवा आला होता, आणि त्यातून छापून निघालेल्या कागदांचा आम्हां सर्वांवर मोठा वचक होता. एका गोदामात पोटमाळा घालायचा होता. सात मीटर लांबीच्या, ३०० मिलिमीटर उंचीच्या लोखंडी गर्डरांवर काँक्रीटची लादी. हिशेब मी केला, म्हणजे यंत्राला आकडे दिले. नुसत्या लादीने गर्डर चार मिलिमीटरच्या आत वाकेल, आणि माल भरल्यावर सात-साडेसात, असे उत्तर आले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे लांबीच्या ३२५व्या हिश्शाइतका, म्हणजे साडेएकवीस मिलिमीटरपर्यंत बाक चालत असे. मी निर्धास्तपणे सही केली.

लादी झाली, खालचे टेकू काढले. कामावरच्या मिस्त्रींनी गर्डरच्या दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे गुटके लावले, त्यांच्यावरून दोरी ताणली आणि मला बोलावले. "साहेब, गर्डरनं बाक जरा जास्त घेतलाय." त्यांच्या मोजमापाने तो १८ मिलिमीटर होता. मी म्हणालो, "दोरी सैल असेल. हा कॉम्प्युटरचा हिशेब आहे." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले, दोरी गुंडाळली आणि ते दुसऱ्या कामाला लागले.

रात्री झोप येईना. उठून एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मी हाताने हिशेब मांडला. दहा मिनिटे लागली. टोके टेकलेली धरली की १८ च येत होते. मिस्त्रींची दोरी सैल नव्हती. गर्डरची टोके चार बोल्टांनी जोडलेली होती, ती किंचित फिरू शकत होती. आणि मी यंत्राला ती पक्की म्हणून सांगितली होती. माल भरल्यावर बाक ३६ मिलिमीटर झाला असता. त्याहून वाईट म्हणजे लोखंडातील ताण, जो चौरस मिलिमीटरला १६५ न्यूटनच्या वर जाऊ द्यायचा नसतो, तो २१४ वर गेला असता. २५० ला ते लोखंड हार खाते. आणि त्या माळ्याखालून दिवसभर माथाडी कामगार पाठीवर पोती घेऊन ये-जा करणार होते.

सकाळी मी वरिष्ठांना सांगितले. माल चढविणे थांबले, गर्डरांखाली मधोमध खांब आले, कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. प्रश्न उरला मालकाला पाठवायच्या पत्राचा. ते मीच लिहिले. "संगणकीय प्रणालीतील त्रुटीमुळे" असे शब्द त्यात घातले. वरिष्ठांना पत्र आवडले. मालकही समजूतदारपणे म्हणाले, "मशीनच ते, चुकायचंच." त्यांत चुकले नव्हते ते एकटे यंत्र. पण त्याची बाजू घेणार कोण? आणि मिस्त्रींचे नाव त्या पत्रात कुठेच नव्हते.

पुढे काही वर्षांनी अमेरिकेतील हार्टफर्ड गावच्या क्रीडागृहाची हकीकत माझ्या वाचनात आली. त्याचे विस्तीर्ण छप्पर लोखंडी दांड्यांच्या जाळीचे होते, आणि त्या काळी नव्याने हाती आलेल्या संगणकाने त्याचा हिशेब केला होता. छप्पर जमिनीवर जोडून १९७३ साली वर उचलले, तेव्हा त्याचा बाक अपेक्षेच्या दुप्पट भरला. हे आराखडा करणारांच्या कानावर घातले गेले. सिद्धान्त आणि वास्तव यांत एवढे अंतर पडायचेच, असे त्यांचे उत्तर होते. छप्पर पाच वर्षे उभे राहिले. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या ओझ्याखाली ते कोसळले. काही तासांपूर्वीच तिथे सुमारे पाच हजार माणसे बास्केटबॉलचा सामना पाहून घरी गेली होती. वरच्या दांड्यांना जो आधार कागदावर धरला होता तो प्रत्यक्षात पुरेसा नव्हता, असे चौकशीत निघाले. ही हकीकत वाचताना मला "दोरी सैल असेल" हे माझेच शब्द ऐकू येत होते.

हे सगळे मी फळीखाली बसून मुक्ताला सांगितले. तिने शांतपणे ऐकले, आणि मग तिच्या पिढीला शोभेल असा प्रश्न टाकला : "पण आजोबा, हाताने केलेले हिशेब काय चुकत नव्हते?"

चुकत होते. भिंतीतून बाहेर आलेली तुळई किती भार पेलेल, याचा शास्त्रशुद्ध विचार छापून मांडला तो गॅलिलिओने, १६३८ साली. पण तुळईच्या आतील ताण कसा वाटला जातो हे त्याला नीट उमगले नव्हते, आणि त्याच्या हिशेबाने तुळई खरी असते त्याच्या तिप्पट बळकट ठरते. एवढ्या थोर माणसाची ही कथा, मग इतरांचे काय सांगावे? उलट यंत्राने आज जे पूल आणि ज्या इमारती आपल्याला दिल्या आहेत, त्यांची समीकरणे हाताने सोडवायला आयुष्य पुरले नसते. तेव्हा हात पवित्र आणि यंत्र पापी, अशी वाटणी मला करता येत नाही.

तरीही दोघांत एक फरक आहे. पूर्वी मी एखादा हिशेब हाताखालच्या माणसाकडे सोपवला आणि तो चुकला, तर लाज दोघांत वाटली जात असे. त्यालाही रात्री झोप लागत नसे. कदाचित तोच सकाळी धावत येऊन सांगे की, साहेब, काहीतरी चुकते आहे. यंत्राला लाज नाही, आणि आश्चर्यही नाही. ४ असो वा ४०, ते आकडा त्याच शांतपणाने कोपऱ्यात लिहिते. म्हणून हिशेब त्याच्याकडे जितका जास्त सोपवावा, तितका आश्चर्य वाटण्याचा भार आपल्याकडे जास्त येतो. आणि ज्याने आधी काही अपेक्षाच केली नाही, त्याला आश्चर्य वाटणार कसले?

नॉर्वेतील स्लाइपनर या तेलविहिरीच्या फलाटाचा काँक्रीटचा पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी चाचणी चालू असताना समुद्राच्या खाडीत बुडाला. संगणकात त्याचे तुकडे पुरेसे बारीक केलेले नव्हते, त्यामुळे भिंतींतील कातरणारा ताण ४७ टक्क्यांनी कमी दाखविला गेला होता. अपघातानंतर तज्ज्ञांनी संगणकावरच अधिक काळजीपूर्वक हिशेब केला. त्याप्रमाणे भिंत ६२ मीटर खोलीला फुटायला हवी होती. ती फुटली ६५ मीटरला. तो हिशेब आधी कोणी केला असता तर!

"मग मी काय करायचं?" मुक्ताने विचारले.

मी तिला पेन्सिल दिली. अंक उतरविल्यावर फळी नऊ मिलिमीटर वर येईल, पण काळाने दिलेला पाचाचा बाक तिच्यात तसाच राहील. फळी उलटी करून लावली तर तोच बाक आपल्या बाजूने काम करील. उलट्या फळीवर तेच अंक ठेवले तर किती वाकेल? यंत्राला विचारण्याआधी लिही, आणि खाली सही कर.

अंक उतरवून फळी उलटी करण्यात सगळी दुपार गेली. मुक्ताने भिंतीवरच, फळीच्या आड येईल असे, बारीक अक्षरात लिहिले : ४ मिलिमीटर. खाली तारीख आणि सही. एकही अंक रद्दीत गेला नाही. मग आजीने पुन्हा तोरणाचा दोरा ताणला. मी पट्टी धरली. साडेचार.

"अर्धा कुठून आला?" मुक्ता कपाळाला आठ्या घालून फळीकडे बघत राहिली. तिला आश्चर्य वाटले होते. मला फार बरे वाटले.

त्या रात्री मी ते जुने पत्र आठवून पाहिले. ते मागे घेता येणार नाही. मालक गेले, ती कचेरीही आता राहिली नाही. मिस्त्रींचा पत्ता मला कधीच ठाऊक नव्हता. तेव्हा निदान इथे लिहून ठेवतो : यंत्राची काही चूक नव्हती. चूक माझी होती, आणि ती एका माणसाने दोरीने दाखविली होती.