वारा कुणीकडून वाहतो?

मुदखेड म्हटलं की लोकांना फुलं आठवतात. काकडा, गुलाब. पण वास सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. जुनी माणसं सांगतात, आपली वस्ती गावाच्या पूर्वेला का? तर वारा बहुतकरून पश्चिमेचा. त्यांच्या अंगावरचा आपल्याकडं यावा, आपल्या अंगावरचा त्यांना शिवू नये. म्हणजे मनूच्या लेकरांना हवेचं शास्त्र कळत होतं!

आज हिशेब तोच आहे, गाव तेवढं जगाएवढं झालंय.

पंडित सांगतात, गरीब देशांची हवा घाण, कारण ते गरीब. आधी प्रगती करा, मग धूर निवळेल. यात थोडं खरं आहे. तुराट्या-गोवऱ्यांवर भाकरी भाजणाऱ्या मायला धूर गिळायची हौस नसते; सिलिंडर भरायला पैसा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं 2020 साली घरातल्या धुरापायी जगात 32 लाख माणसं मेली.

पण सगळं पैशावरच असतं, तर माहुल घडलं नसतं. मुंबई काय गरीब आहे? 2017 साली तानसा जलवाहिनीकाठच्या झोपड्या पाडल्या आणि माणसं माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन टाकली. हवेचा कायदा 1981 पासून होताच. तरी तिथं राहायची सक्ती करता येणार नाही, हे 2019 साली हायकोर्टाला सांगावं लागलं. शहर एक, कायदा एक. छाती मात्र कुणाची?

लंडनला 1952 साली विषारी धुकं पडलं, हजारो मेले, 1956 साली कायदा झाला. पुढं श्रीमंत देशांचा कितीतरी माल गरीब देशांत बनू लागला. कपडा त्यांच्या अंगावर, धूर आपल्या. 1991 साली जागतिक बँकेच्या मुख्य अर्थतज्ज्ञाच्या सहीचं एक टिपण निघालं. तर्क असा, की घाण उद्योग गरीब देशांत हलवावेत; तिथं माणूस मेला तर नुकसान स्वस्तात पडतं. नंतर म्हणाले, तो उपरोध होता. असेल. पण बाजार चालतो तो याच उपरोधावर.

स्वस्त माणूस गरिबी घडवत नाही, व्यवस्था घडवते. माणसाची किंमत ठरवणारी ही उतरंड आपण जन्मापासून ओळखतो.

1927 साली महाडच्या तळ्यावर बंदी होती, ती उघड दिसत होती. म्हणून बाबासाहेबांबरोबर लोक तळ्यावर चालून गेले. हवेवरची बंदी दिसत नाही. म्हणून दोस्तहो, वस्तीच्या कडेला कचऱ्याचा डेपो, खडी क्रशर, चिमणी आली, की नुसतं नाकाला फडकं लावू नका. जागा कुणी ठरवली? ठरावावर सही कुणाची? आणि तो स्वतः कुठं राहतो?

तिथून लढा सुरू होतो. जयभीम.